केकखालची पाटी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

उदगीर,
दि. ५ जून

ती. शांतम्मा अक्काच्या पायाशी धाकट्या अमरनाथचे शरणु शरणार्थ.

(नावाआधी ‘गं. भा.’ लिहिलं की तुला राग येतो, म्हणून ती दोन अक्षरं गाळली आहेत. मागं एकदा लिहिलं होतं तर तू पत्र तसंच परत पाठवलंस, हे मी विसरलेलो नाही.)

पाकीट पाहून तू आधी घाबरशील, कारण आपल्या घरात पत्र फक्त कुणी गेल्यावर लिहिलं जातं. घाबरू नको, घरचं कुणी गेलेलं नाही. गेलेत ते जळकोटचे गृहस्थ, आणि त्यांची आपली ओळख केकपुरतीच होती. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. अक्का, फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? जेवलास का, अंबिका बरी हाय का, ऊन किती हाय, एवढं विचारतेस, आणि मी तोंड उघडलं की ‘ठेवते रे, दूध उतू चाललंय’. गेल्या तीन महिन्यांत तुझ्या चुलीवर जेवढं दूध उतू गेलं तेवढं उदगीरच्या डेअरीतसुद्धा येत नसेल. पत्राला मधेच ठेवता येत नाही, म्हणून पत्र.

तिकडं सगळे क्षेम असतील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझी तब्येत बरी असेलच (बरी नसली तरी तू बरीच म्हणणार, तेव्हा त्यावर शाई खर्च करत नाही). तुझ्या रविकिरणची कॉलेजातली नोकरी नीट चालू असेल. विष्णुपुरीच्या धरणात पाणी किती राहिलं ते कळव. इकडं अंबिका ठीक आहे आणि मी अंबिका सांगेल तसा आहे.

तर सांगायचं ते असं, की तुझा भाऊ आता केकखालच्या पाट्या रंगवतो. हसू नको. तीस वर्षं मी दुकानांवरच्या पाट्या रंगवल्या, हे तुला वेगळं सांगायला नको. मेडिकल, किराणा, टेलर, पिठाची गिरणी, उदगीर ते देगलूर रस्त्यावरची निम्मी अक्षरं माझ्या हातची. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सबद्दल मी काही बोलत नाही, ज्याचं त्याच्यापाशी. पाट्या गेल्या तसा मी गाड्यांच्या नंबरांवर आलो, तेही गेले, आणि मग चार वर्षं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाठीवरची अक्षरं वाचत राहिलो. त्या चार वर्षांत अंबिकानं मोबाइलवर बघून बघून केक शिकून घेतले. बिनअंड्याचे. आपल्या लोकांत त्याला लई मागणी. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा केक खाऊन राहिली, ती अंबिकाच्या भरवशावर. मी त्यात लक्ष घालत नव्हतो. बायको कमावती आणि नवरा ओट्यावर, यात लक्ष घालण्यासारखं काय असतं?

पण एक दिवस गल्लीतच बारसं होतं. मुलीचं नाव तनुजा. अंबिकानं केकवर गुलाबी क्रीमनं नाव काढलं आणि बाजारात मिळतो तो सोनेरी पुठ्ठा खाली घातला. तो पुठ्ठा दिसायला सोन्याचा, आणि अंगात ताकद पापडाएवढी. दोघींनी दोन बाजूंनी उचलला तसा तो मधोमध वाकला आणि केक बरोबर नावातून फाटला. ‘तनु’ एका बाजूला आणि ‘जा’ दुसऱ्या बाजूला. पाळण्यासमोर जो तुकडा शाबूत पोचला तो ‘जा’वाला. मुलीची आजी तिथंच खाली बसली. दुनियेत येऊन बारा दिवस झालेल्या लेकराला घरानं पहिला शब्द कुठला दाखवला तर ‘जा’! अंबिका घरी येऊन पदर तोंडाला लावून रडली. मी म्हणालो, वरचं तू बघ, खालचं मी बघतो.

अशी सुरुवात. आता तू म्हणशील, केकखालच्या पाटीत बघण्यासारखं काय असतं. मलाही तसंच वाटलं होतं. सुताराकडून एमडीएफचा गोल कापून आणला, दोन हात ऑइलपेंट मारला, वर सोनेरी किनार काढली. दुकानाची पाटी असती तर वीस वर्षं हलली नसती. तीन दिवस उन्हात वाळवला. पहिला केक त्यावर बसला तो एका रिटायर होणाऱ्या तलाठ्याचा. त्यांनी एक घास खाल्ला, बराच वेळ विचार केला, आणि म्हणाले, ‘केक झकास हाय वहिनी, पण नव्या दाराची चव लागायलीय.’ त्यांच्या घरच्यांनी तो केक गाईला घातला. गाईनंही नाही खाल्ला. अंबिका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मोबाइल माझ्यासमोर उभा करून ठेवला आणि म्हणाली, शिकायचं तर शिका, न्हाईतर ओट्यावर जा.

शिकलो. अक्का, ही विद्या सोपी नाही. फॉन्डंट म्हणून साखरेची एक कणीक असते, ती लातूरहून डब्यात येते. मक्याचं पीठ भुरभुरून ती पोळीसारखी लाटायची, पण पोळीला जाड-बारीक चालतं, हिला नाही. पाटीला ओला हात फिरवायचा, इतकाच ओला की चिकटेल पण विरघळणार नाही. मग ती साखरेची पोळी पाटीवर अंथरायची आणि सपाट फळीनं मधून कडेकडं सारवत न्यायची. आत हवा राहिली की बुडबुडा येतो. तो बोटानं दाबला की दुसरीकडं निघतो (माणसाच्या दुखण्यासारखं). त्याला सुईनं टोचून सोडवायचं. कडा सुरीनं एका दमात कापायची, थांबलं की दात पडतात. तीन दिवस सावलीत वाळवायचं. मग कडेच्या लाकडाला बरोबर तेवढ्याच रुंदीची रिबीन लावायची आणि तिचा जोड केकच्या पाठीमागं न्यायचा. ही रिबीन लावली नाही तर सगळी मेहनत ‘घरगुती’ दिसते. लावली की लातूरच्या मोठ्या बेकरीतून आल्यासारखी दिसते. माणसाची इज्जत एका बोटाच्या रिबिनीवर असते हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

अक्षरांची पंचाईत वेगळीच. साखरेवर पाण्यातला रंग टाकला की साखर वितळते आणि अक्षर ओघळतं. मोबाइलमधली बाई सांगत होती, खायचा सोनेरी रंग दारूत कालवा. दारू उडून जाते, अक्षर राहतं. आता सांग! वडिलांनी आयुष्यात चहा सोडून काही घेतलं नाही, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि मी कापडी पिशवी घेऊन दारूच्या दुकानासमोर उभा. दुकानदारानं विचारलं, कोणती देऊ? मी म्हणालो, ज्यानं अक्षर लवकर वाळतं ती द्या. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू दुकान काढल्यापासून त्यानं प्यायचं असलं कारण ऐकलं नव्हतं. ती बाटली घरात देव्हाऱ्यापासून सगळ्यात लांब, न्हाणीच्या वरच्या कोनाड्यात राहते. त्यावर अंबिकानं कागद चिकटवला आहे, ‘फक्त अक्षरांसाठी’. (कागदावरची अक्षरं मीच काढलीत.)

पण हात बसला अक्का. असा बसला, की लोक केकपेक्षा पाटी बघायला लागले. आणि तिथंच माझं बिघडलं. एका पाटीला मी दीड दिवस घ्यायचो, वेलबुट्टी, किनार, नावाला सावली. लोक मेणबत्ती फुंकायचे, केक कापायचे, आणि कापता कापता माझ्या अक्षरांवरून सुरी न्यायचे. एकदा नगरपालिकेच्या कचराकुंडीपाशी माझीच पाटी दिसली. ‘चिरंजीव’ असं लिहिलं होतं आणि कुत्रं ते चाटून राहिलं होतं. तीस वर्षं टिकणारी अक्षरं काढलेला माणूस मी, आता संध्याकाळपर्यंत टिकणारी काढतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. अंबिका म्हणाली, केकबी संध्याकाळपर्यंतच असतो, मी रडते का? तिचं बरोबर होतं, पण बरोबर असलेल्या गोष्टीनं पोट भरत नाही.

आता जळकोटचं सांगतो, ज्यासाठी हे पत्र आहे.

तुला माहीत आहे, आपल्या भागात पंचाहत्तरीच्या आसपासची सगळी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख हाताला लागली ती टाकली. म्हणून एक जून हा आमच्या धंद्याचा मोठा दिवस. या एक जूनला जळकोटहून ऑर्डर होती, मलप्पा नागप्पा शेटे यांच्या पंचाहत्तरीची. जुने किराणा दुकानदार. त्यांचा मुलगा महांतेश स्वतः येऊन सांगून गेला, तीन मजली केक पाहिजे आणि पाटी अडीच फुटांची, तिच्यावर बापाचं पुरं नाव. बोलता बोलता म्हणाला, पन्नास वर्षं दुकान चालवलं पण बापानं दुकानाला पाटी लावली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, लोकांना माहीत हाय की.

हे ऐकून मला काय झालं काय माहीत. पाच दिवस त्या पाटीला दिले. कडेनं तराजू, गुळाची ढेप, शेंगदाण्याचं पोतं, दुकानाच्या लाकडी फळ्या, सगळं बोटाएवढं बोटाएवढं. मधे वरच्या अंगाला, केक बसल्यावरही दिसेल असं, ‘श्री. मलप्पा नागप्पा शेटे’, त्याखाली ‘पंचाहत्तरी’, आणि पुढच्या अंगाला केकच्या पायाशी मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘शतायुषी व्हा’. माझ्या हातून तीस वर्षांत इतकी सरळ ओळ आलेली नाही. अंबिका बघून म्हणाली, हे कापणारे बघून घ्या, ह्यावरून सुरी फिरवली तर मी त्यांचा हात धरीन.

एक तारखेला सकाळी भाड्याच्या गाडीत मागं मी आणि अंबिका, मधे मांडीवर पाटी, पाटीवर केक. ऊन असं, की काचेला हात लागला तर चटका. रस्त्याचा प्रत्येक खड्डा मी पोटात घेतला, पण केकला हलू दिलं नाही. जळकोटला शेट्यांच्या दारात मांडव दिसला, माणसं दिसली. अंबिका म्हणाली, वेळेत आलो. मी पाटी छातीशी धरून उतरलो आणि मांडवात शिरलो, तर दोघं जण विजेच्या माळा उतरवून घेत होते आणि तिसरा मांडवाच्या कापडाची रंगीत झालर फाडत होता. सगळी माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी हसून नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणालो, कुठं ठेवू?

अक्का, मग आतून बायकांचा आवाज आला, आणि तो लग्नघरातला नव्हता. मलप्पा पहाटे गेले होते. लोक म्हणत होते, हार्ट. आणि मी त्यांच्या अंगणात ‘शतायुषी व्हा’ घेऊन उभा होतो. मागं वळायचं तर अडीच फुटांची पाटी घेऊन त्या गर्दीत वळता येईना. एका म्हाताऱ्यानं जवळ येऊन ती ओळ वाचली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा ओळ वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून घेतली. ती कुणासाठी काढली, मेलेल्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

महांतेश आला. डोळे सुजलेले. म्हणाला, ‘घेऊन जा हे. नदरंसमोर नको.’ मी हो म्हणालो. तेवढ्यात आतून त्यांची बायको आली, गुरम्मा. सत्तरीची, बारकी, डोळ्यांत पाणी नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, ‘ह्याच्यावर नाव लिवलंय का त्येंचं?’

मी म्हणालो, लिहिलंय.

‘कुठं? बोट लाव.’

मी नावावर बोट लावलं. वाचता येत नव्हतं तिला. तिनं माझ्या बोटाखालून आपलं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. म्हणाली, ‘काल सांजच्याला दोनदा इचारलं त्येंनी, नाव कसं काढलं आसंल म्हणून.’ मग मुलाकडं वळून म्हणाली, ‘वरचं ते काढा आनि पाटी आत आना. त्येंच्या पाठीशी ठिवायची.’

महांतेश म्हणाला, ‘आई, लोक काय म्हणतील?’

ती म्हणाली, ‘जिंदगीत एकदा नाव लिवलं गेलं, त्येबी केकाखाली. आता तेवढं तरी दिसू दे.’

मग अंबिकानं आणि मी मांडवाच्या मागं तो तीन मजली केक पाटीवरून उतरवला. (ज्यांनी खड्डा खणला त्या माणसांना तो पुढं दिला. त्यांनी झाडाखाली बसून, फावडी बाजूला ठेवून खाल्ला. त्यातला एक जण हात धुऊन अंबिकाला सांगायला आला, बाई, लई चांगला झालाय. इतक्या वर्षांत तिच्या केकला एवढ्या गंभीर तोंडानं कुणी चांगलं म्हटलं नसेल.) मला आत नेलं. मलप्पांना आंघोळ घालून, भस्म लावून, आपल्या रीतीनं मांडी घालून बसवलं होतं. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते असं, समोरासमोर, दोन हातांवर. माझ्या मांडीवर त्यांचं नाव, समोर ते स्वतः. ‘पंचाहत्तरी’ आणि ‘शतायुषी व्हा’ खरवडायचं होतं. मी सुरीनं ती दोन्ही खरवडली. पाच दिवसांचं काम दहा मिनिटांत गेलं. साखरेचा चुरा मी एका कागदावर गोळा केला, का ते विचारू नको.

मग खरवडलेल्या जागी पांढरे डाग उरले, ते बरे दिसेनात. मी म्हणालो, तिथं बेलाचं पान काढतो. रंग सोबत होता, आणि रंग कालवायला ती बाटली. मी बाटलीचं बूच उघडलं आणि वास खोलीभर पसरला. वचनं म्हणणारे थांबले. जंगमस्वामी थांबले. महांतेश उठून माझ्याजवळ आला आणि दातओठ खाऊन म्हणाला, ‘माझा बाप मेलाय आनि तुम्ही पिऊन आलाव?’ मी म्हणालो, ही प्यायची नाही, अक्षरांसाठी आहे. हे वाक्य खरं होतं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर ते कुठल्याही दारुड्याचंच वाटलं. शेवटी अंबिका दारातून पुढं आली आणि सगळ्यांदेखत बाटलीवरचा कागद वाचून दाखवला. स्वामींनी तो स्वतः हातात घेऊन वाचला आणि मान हलवली. वचनं पुन्हा सुरू झाली. मी दोन बेलाची पानं काढली. आयुष्यात एवढ्या माणसांनी श्वास धरून माझा ब्रश बघितलेला नाही.

महांतेशचं म्हणणं पडलं, आता नावाआधीचं ‘श्री.’ काढा आणि आपल्यात लिहितात तसं ‘लिंगैक्य’ लिहा. गुरम्मा म्हणाली, ‘न्हाई. खड्ड्यापातूर श्रीच राहू दे.’ तसंच ठेवलं. पाटी त्यांच्या पाठीमागं उभी केली. कडेची रिबीन नीट दिसत होती, जोड मागं होता.

आणि मग मुंग्या आल्या. साखर ती साखर. भिंतीतून एक काळी रांग निघाली आणि मलप्पांच्या खांद्यामागून पाटीवर चढली, तराजूवरून, गुळाच्या ढेपेवरून नावापर्यंत. मी रुमालानं झटकायला उठलो तर गुरम्मानं हात आडवा केला. म्हणाली, ‘खाऊ द्या. त्येंच्या वाढदिवसाला आल्यात.’ ती तिथं पहिल्यांदा रडली, अक्का. मी तिला हार्टचं विचारायला नको होतं, पण विचारलं. ते नंतर सांगतो.

खड्ड्यापाशी महांतेशनं स्वामींना विचारलं, ही पाटी सोबत ठेवली तर चालेल का? स्वामींनी विचार केला. म्हणाले, मीठ घालतो, भस्म घालतो, साखरेला काय हरकत? पाटी आत गेली. वरून माती पडली, आधी गुळाच्या ढेपेवर, मग नावावर. माझी सगळ्यात चांगली पाटी पुरून आलो मी. कचराकुंडीत गेली नाही, एवढंच. परत येताना गाडीत दोघांच्या मांड्या मोकळ्या होत्या आणि त्यांचं काय करावं कळत नव्हतं.

बाकी सगळं ठीक. रविकिरणला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. जास्त काय लिहू?

तुझा,
अमरनाथ

ता. क. : काय लिहू ते उरलंय. मलप्पा हार्टनं गेले नाहीत. गुरम्मानं मला सांगितलं. दिवाळीपासून त्यांच्या गळ्याला गाठ होती. उपरणं गुंडाळून फिरायचे, विचारलं तर म्हणायचे, थंडी वाजते. मे महिन्यातसुद्धा थंडी! तिला एकटीला माहीत होतं आणि तिला त्यांनी गप्प बसायला लावलं होतं. म्हणायचे, नातवाचं लग्न होऊ दे, मग पंचाहत्तरी होऊ दे, मग बघू. पहाटे रक्ताची उलटी झाली आणि अर्ध्या तासात संपलं. ती म्हणाली, ‘मी गप बसले. त्येंचं ऐकलं. मी त्येंचं ऐकाया नको हुतं.’ हे तिनं मुलाला सांगितलेलं नाही, एका अनोळखी पेंटरला सांगितलं.

ता. क. दुसरी : अक्का, परवा रविकिरणचा फोन आला होता. तुझे रिपोर्ट त्याला कपाटात साड्यांच्या खाली सापडले. तुझी गाठ फेब्रुवारीपासूनची आहे, डॉक्टर म्हणाले लवकर आलात, काढली की मोकळ्या व्हाल, त्यांनी तारीख दिली, आणि तू ‘आता कशाला’ म्हणून ती परत करून आलीस. एवढं मोठं पत्र मी हे लिहायला बसलो होतो आणि दोन दिवस केकाभोवती फिरत राहिलो. ती तारीख पुन्हा घे. मी गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. दवाखान्यात मी बसेन, कागद मी बघेन, तुला कशाचीच काळजी नको. तुझा भाऊ आता मेलेल्या माणसासमोर बसूनही हात थरथरू न देता काम करतो, एवढं तर तू वाचलंसच.

वन्सं, अंबिकाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून मी वाचलं. सगळं खरं हाय, एक सोडून. ती अक्षरं ह्यांनी खरवडली न्हाईत. सुरी हातात घेतली आणि ह्यांचा हात असा थरथरला की साखरेवर टेकवता येईना. गुरम्मानंच सुरी काढून घेतली. तिला वाचता येत न्हाई, म्हणून ह्यांनी बोट लावून दाखवलं, हे काढा, हे काढा, आणि तिनं आपल्या नवऱ्याचं शतायुषी आपल्या हातानं काढलं. पानं तेवढी ह्यांनी काढली, तीबी मी मनगट धरल्यावर. बाटलीतलं झाकणभर कमी झालं ते परत येताना गाडीत, ते मी बघितलं न्हाई असं ह्यांना वाटतं. म्हणून सांगते, दवाखान्यात ह्यांच्या भरवशावर राहू नका. ह्यांच्यासोबत मीबी येते. वीस तारखेपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी मी नको म्हणून सांगितल्यात. रविकिरणला दवाखान्यात पाठवून तारीख घ्यायला लावलीय, त्यानं पंधरा आणलीय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी त्या दिवशी तुमच्या शेजारी बसलेली असेन, आणि मी गप बसणार न्हाई.